कोकराच्या रक्तातले सीके आणि एएसटी: दोन्ही स्नायूंचेच, पण वेळ वेगळी

तीन-चार आठवड्यांचं कोकरू पाय ताठ करून चालतं, पाठीला बाक काढून उभं राहतं, मग एक दिवस उठतच नाही. भूक शाबूत असते. आईच्या सडाला धरलं तर ओढून पितं. सेलेनियम किंवा ई-जीवनसत्त्व कमी पडल्याने होणारा हा पांढऱ्या स्नायूंचा रोग. गाभण मेंढ्यांना सेलेनियम दिलं तर कोकरं यातून वाचतात, हे अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या संशोधकांनी १९५८ साली दाखवलं.

रक्ततपासणीत सीके (क्रिएटिन कायनेज) आणि एएसटी (अस्पार्टेट अमिनोट्रान्सफरेज) या दोन विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे, आकडे येतात. स्नायूची पेशी फुटली की दोन्ही विकरं रक्तात उतरतात, म्हणून ती एकाच मापाची समजली जातात. तिथेच चूक होते.

सीके जवळजवळ फक्त स्नायूंचंच, हृदयाचा स्नायूही त्यात आला. इजा झाल्यावर काही तासांत ते झपाट्याने चढतं आणि इजा थांबली की दोन-चार दिवसांत खाली येतं. म्हणजे आज सीके खूप वाढलेलं दिसलं, तर स्नायू आजही झिजतो आहे. एएसटी सावकाश चढतं आणि आठवडाभर, कधी त्याहून जास्त, वर राहतं. शिवाय ते यकृतातही भरपूर असतं. त्यामुळे आजारी पडून पाच दिवस झालेल्या कोकराचं सीके उतरलेलं आणि एएसटी चढलेलं असेल, तर रोग नव्हताच असं म्हणू नये; यकृताची बाजू मात्र तपासून घ्यावी. मी तरी दोन्ही एकत्रच मागवावेत असं म्हणेन, आणि कोकरू कधीपासून लंगडतंय हे नमुन्यासोबत जरूर लिहावं.

या दोन्हींतून सेलेनियम कमी आहे की नाही, हे मात्र कळत नाही. त्यासाठी ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज तपासतात. हे सेलेनियमयुक्त विकर तांबड्या पेशी तयार होतानाच त्यांच्यात बसतं, म्हणून ते मागच्या कित्येक आठवड्यांच्या चाऱ्याचा हिशेब दाखवतं. त्याला गुठळी न झालेलं, सबंध रक्त लागतं, आणि कळपातल्या धडधाकट दिसणाऱ्या कोकरांचेही नमुने घ्यावेत.

रक्त आधी काढा, इंजेक्शन नंतर द्या. मांडीत टोचलेली सुईही सीके वाढवते.