चवथीला पेटारा उघडू नका

मुंबई-पुण्यात, आखातात विखुरलेलं गोव्यातलं कुटुंब मूळ घरी एकत्र येतं ते चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला. माटोळी (गणपतीच्या वर फळा-फुलांनी सजवायची चौकट) बांधून होते, आरत्या होतात, दुपारची जेवणं आटोपतात आणि कुणीतरी म्हणतं, "पणजोबांचा तो फोटो काढा ना जरा." माडीवरची ट्रंक खाली येते. फोटो हातोहात फिरतात, मोडीतली पत्रं उलगडली जातात, ती कुणालाच वाचता येत नाहीत, आणि तासाभरात सगळं होतं तसं परत आत जातं. हौस रास्त आहे, पण मुहूर्त वर्षातला सगळ्यात वाईट. भर पावसाळ्यात गोव्याच्या हवेतली सापेक्ष आर्द्रता बऱ्याचदा ८५-९० टक्क्यांच्या घरात असते. ती ओल कागद आणि फोटो शोषून घेतात, वर झाकण बसतं, आणि मग बुरशीला अजून काय हवं?

चवथीला करण्यासारखं काम वेगळंच आहे. भिंतीवरच्या तसबिरींचे मोबाइलवर फोटो घेऊन ठेवावेत आणि घरातल्या थोरल्या आत्या, काकी जमलेल्या असताना कोण कुठल्या रांगेत बसलंय ते विचारून लिहून घ्यावं. पेटारा उघडायचा तो जानेवारी-फेब्रुवारीत, चार दिवस कोरडी हवा पडली की.

जुने कागद वयाने मरतात असं आपण धरून चालतो. पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ सालची. दियोगु दु कोउतु हा पोर्तुगीज इतिहासकार त्याचा पहिला रखवालदार. तिथले तीन-चारशे वर्षांपूर्वीचे कितीतरी कागद आजही वाचता येतात. आणि आपल्या घरात १९८० च्या सुमारास काढलेले लग्नाचे रंगीत फोटो लालभडक होऊन बसलेत. तेव्हा प्रश्न वयाचा कमी आणि पदार्थाचा, हवेचा जास्त आहे.

आधी हवेचं बघू. ३० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ मावते. २५ अंशांना मावते २३ ग्रॅमच्या आसपास. पावसाळ्यातल्या एखाद्या दुपारी ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेत २४ ग्रॅम वाफ आहे. हीच हवा लोखंडी कपाटात कोंडली आणि पहाटे कपाटाचा पत्रा २५ अंशांपर्यंत निवला, तर वरचा ग्रॅमभर पाणी होऊन कुठेतरी बसणार. पत्र्यावर बसेल, नाहीतर अल्बममध्ये मुरेल. कपाट चिऱ्याच्या भिंतीला टेकलेलं असेल तर आणखी वाईट. जांभा दगड सच्छिद्र, आणि जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी केशाकर्षणाने भिंतीत वर चढत राहतं. बाहेरच्या भिंतीवर, तेही पश्चिमेच्या पावसाच्या बाजूला, पूर्वजांच्या तसबिरी टांगणं ही आपली जुनी खोड. त्या आतल्या भिंतीवर हलवल्या आणि फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून हवा खेळती ठेवली, तर निम्मं काम झालं.

अशी एखादी तसबीर खाली काढून तिरप्या उजेडात बघा. काचेखाली फोटोच्या खालच्या भागात काळपट, चकचकीत, ओली दिसणारी बेटं दिसतील. ती ओली नाहीत. तिथे फोटो काचेला चिकटलाय. कृष्णधवल फोटोतली प्रतिमा म्हणजे चांदीचे सूक्ष्म कण, आणि ते धरून ठेवणारा थर जिलेटिनचा, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या प्रथिनाचा. कोरडं असताना ते घट्ट असतं. आर्द्रता वाढली की पाणी पिऊन फुगतं, मऊ होतं आणि समोर जे असेल त्याला धरतं. पुढच्या उन्हाळ्यात ते सुकतं ते काचेला पकडूनच. असा फोटो ओढून सोडवायला गेलात तर चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. सोडवू नका. काचेसकट स्कॅन करा, आणि मूळ प्रत महत्त्वाची असेल तर जतनतज्ज्ञाकडे न्या. नवी फ्रेम करून घेताना काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची खिडकी बसवायला सांगायची. फ्रेमवाले ती शोभेसाठी लावतात, तिचं खरं काम अंतर राखण्याचं.

दुसरी खूण बघा. पणजोबांचा काळा कोट नेमका निळसर आरशासारखा चमकतो, समोरून बघितलं तर काहीच दिसत नाही. ही चांदीच वर आलेली असते. दमट हवेत ऑक्सिडीकारक वायू चांदीच्या कणांना गाठतात, चांदीचे आयन होतात, ते जिलेटिनमधून सरकत पृष्ठभागापर्यंत पोचतात आणि तिथे पुन्हा धातूची चांदी होऊन बसतात. कोट काळा, म्हणजे तिथे चांदी जास्त, म्हणून चकाकी तिथेच. हे वायू येतात कुठून? हलक्या दर्जाच्या पुठ्ठ्यातून, लाकडी फळ्यांतून, आणि ताज्या ऑइलपेंटमधून. ऑइलपेंट सुकताना पेरॉक्साइडं सोडतो. चवथीच्या आधी घर रंगवायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि रंग पुरता वाळायच्या आत तसबिरी पुन्हा खिळ्यावर चढतात. निदान चार-सहा आठवडे थांबावं. रबरबँडही काढून टाका. रबरात गंधक असतं, गंधक चांदीला काळं-पिवळं करतं, आणि गठ्ठ्यातल्या वरच्या फोटोवर त्याचा आडवा पट्टा कायमचा राहतो.

रंगीत फोटोत चांदी उरतच नाही, उरतात तीन सेंद्रिय रंगद्रव्यं. ती अंधारातही विघटित होतात, आणि तिन्ही एका वेगाने नाही. जुन्या छपाईत निळा-हिरवा रंग आधी गेला की चेहरे लाल-गुलाबी दिसतात. तापमान दहा अंशांनी वाढलं तर अशा प्रक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणून कौलांखालची माडी, जिथे एप्रिलमध्ये थांबवत नाही, ती या फोटोंसाठी सर्वांत वाईट जागा. घरात घाई करायचीच असेल तर रंगीत फोटोंची करा. आजीचा १९३५ चा कृष्णधवल फोटो तुमच्या मुंजीच्या फोटोपेक्षा जास्त टिकेल, हे जरा मजेशीर असलं तरी खरं आहे. रंगीत फोटोंच्या त्या काळातले चिकट पानांचे, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम फोटोंचे वैरी. त्यांतला डिंक पिवळा पडतो आणि पापुद्र्याच्या पीव्हीसी प्लॅस्टिकमधून आम्लयुक्त वायू झिरपतो.

आता पत्रं. जुन्या गोमंतकीय हिंदू घरातल्या दप्तरात बहुधा दोन जातींच्या शाया भेटतात. मोडीतली पत्रं आणि हिशेब बोरूने, काजळी आणि डिंक यांच्या शाईत. सरकारदरबारचे पोर्तुगीज कागद टाकाने, लोहशाईत. दोन्ही कागद शेजारी ठेवून भिंगातून बघण्यासारखे असतात. काजळीची अक्षरं अजून काळीकुट्ट, कागदावर बसल्यासारखी. काजळी म्हणजे मुख्यतः कार्बन, तो ना उडतो ना गंजतो. लोहशाईची अक्षरं तपकिरी झालेली, कडेने फिकट तपकिरी वलय, कागदाच्या पाठीवर उमटलेली, आणि जिथे टाक जोरात दाबला गेला तिथल्या वळशांच्या जागी चक्क भोकं.

ही शाई माजूफळातलं टॅनिन आणि हिराकस यांच्यापासून होते. हिराकस म्हणजे लोहाचं सल्फेट. दोघांच्या संयोगातून काळा रंग तयार होतो आणि सोबत सल्फ्युरिक आम्लही. आम्ल कागदातल्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं, आणि शाई करणाऱ्याने हिराकस जास्त घातलं असेल तर उरलेलं लोह हवेतल्या ऑक्सिजनशी होणारी प्रक्रिया आणखी वेगात घडवतं. त्यालाही लागतं पाणी. कोरड्या हवेत तीच शाई शतकानुशतकं शांत बसते. तेव्हा नियम एकच: दोन्ही शाया ओल्या होऊ द्यायच्या नाहीत. काजळीची शाई डिंकावर उभी, ती पाण्याने पसरते. लोहशाईतलं आम्ल पाण्याबरोबर शेजारच्या चांगल्या कागदात शिरतं. फाउंटनपेनच्या निळ्या शाईचं तर बोलायलाच नको.

फाटलेल्या पत्राला चिकटपट्टी लावणं आणि लॅमिनेशन करणं हे दोन्ही गुन्हे समजावेत. लॅमिनेशनमध्ये उष्णता, प्लॅस्टिक आणि कोंडलेलं आम्ल एकदमच येतं, आणि ते परत काढता येत नाही. दुरुस्तीसाठी जतनतज्ज्ञ जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, कारण ती पाण्याने सुटते. बाइंडर खळीत मोरचूद घालतात कीड लागू नये म्हणून. मोरचुदातलं तांबंही लोहासारखंच कागदाला जाळतं.

कसर हा चांदीच्या रंगाचा किडा कागद कुरतडण्यापेक्षा खरवडतो. त्याला हवी असते कागदावरची खळ आणि फोटोवरचं जिलेटिन. डांबराच्या गोळ्या त्यावर उपाय म्हणून टाकल्या जातात, पण त्यांची वाफ प्लॅस्टिक मऊ करते आणि आपल्या फुफ्फुसांनाही बरी नाही. आजी वेखंडाचे तुकडे ठेवायची, ते किडे पळवण्यात खरोखर उपयोगी आहेत. फक्त ते पुरचुंडीत बांधून ठेवा, फोटोला टेकू देऊ नका. आणि आर्द्रता खाली आणली की कसर आपसूक कमी होते, तिला कोरड्यात जगणं जमत नाही.

ही आर्द्रता खाली आणायची कशी? एसी चोवीस तास चालवायची गरज नाही. घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकचा डबा घ्या, चिकट पट्ट्यांच्या अल्बमांपेक्षा तो कितीतरी निरुपद्रवी. कोरड्या दिवसांत, पंख्याखाली सावलीत दिवसभर पसरून ठेवलेले कागद आणि फोटो त्यात ठेवा, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. डब्यात एक छोटा आर्द्रतामापक टाका, आणि काटा ३५ ते ५० टक्क्यांत ठेवायचा प्रयत्न करा. पुडी रंग बदलली की ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा वापरता येते. निळ्या रंगाची नको, तिच्यातलं कोबाल्ट क्लोराइड आरोग्याला वाईट, नारिंगी घ्या. कडक उन्हात फोटो वाळवणं मात्र टाळा. जिलेटिन कागदापेक्षा जास्त आकसतं आणि फोटो भाजलेल्या पापडासारखा वळतो.

जुनं दप्तर रुमालात बांधायची रीत होती, तीही टाकाऊ नव्हती. सुती कापड उजेड आणि धूळ अडवतं, हवेतली ओल थोडी स्वतःत घेतं आणि कोरड्यात सोडून देतं, म्हणजे आतल्या कागदाला चढउतार कमी सोसावा लागतो. धुतलेलं, रंग न जाणारं कापड हवं इतकंच.

पूर आला तर गणित बदलतं. २ ऑक्टोबर २००९ ला दक्षिण गोव्यातल्या काणकोणात घराघरांत पाणी शिरलं. अशा वेळी हातात साधारण ४८ तास असतात, त्यानंतर बुरशी धरते. एकमेकांना चिकटलेले ओले फोटो सुकू देऊ नका, तसेच सुकले तर वीट होते. स्वच्छ थंड पाण्यातून अलगद वेगळे करा आणि चित्राची बाजू वर ठेवून पसरा. तेवढा वेळ नसेल तर गठ्ठ्यांच्या मधे मेणकागद घालून पिशवीत बांधा आणि फ्रीजरमध्ये टाका. काचेवरचे जुने फोटो तेवढे फ्रीजरमध्ये घालायचे नाहीत.

फोटोवर तारीख नसली तरी वस्तू बोलते. पातळ कागद जाड पुठ्ठ्यावर डकवलेला, रंग तपकिरी-जांभळट आणि उजळ भाग पिवळे, तर तो अंड्याच्या पांढऱ्याने बनवलेल्या अल्ब्युमेन कागदावरचा, म्हणजे बहुतेक एकोणिसाव्या शतकातला. पुठ्ठ्यावर 'नोव्हा गोवा' असा छाप असेल तर १८४३ नंतरचा, कारण पणजीला ते सरकारी नाव त्या साली मिळालं. कडा नागमोडी कातरलेल्या असतील तर साधारण १९३० ते १९६० च्या मधला. पत्रावरच्या तिकिटाची किंमत टांगा आणि रेस या पोर्तुगीज अमदानीतल्या नाण्यांत असेल (सोळा टांग्यांचा रुपया) तर ते एस्कुदो हे पोर्तुगीज चलन यायच्या आधीचं, आणि एस्कुदो आला १९५८-५९ ला. मोडी पत्रात शके असेल तर ७८ मिळवा, मार्गशीर्ष-पौषाच्या पुढचा महिना असेल तर ७९. शके १८५० चा चैत्र म्हणजे १९२८. नंतर जन्म-विवाहाच्या नोंदी नोंदणी कार्यालयात पडताळता येतात, आणि गोव्यात त्या बऱ्याच जुन्या काळापासून सापडतात.

नावं लिहायची ती फोटोच्या पाठीवर, कडेला, मऊ पेन्सिलीने. ग्राफाइट म्हणजे पुन्हा कार्बन. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उठतो आणि शाई दमटपणात पलीकडच्या फोटोवर उतरते. १९७० नंतरच्या प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे पिगमेंट शाईचं पेन.

स्कॅन ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), टिफ प्रकारच्या फाइलमध्ये, आणि पाठसुद्धा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली प्रत म्हणजे जतन नव्हे, तिथे चित्र दाबून लहान होतं आणि तारखेची माहितीही गळते. मूळ फाइल तीन ठिकाणी, त्यातली एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे. सीडीवर विश्वास ठेवू नका, आपल्या हवेत तिचा चकाकता थर खराब व्हायला वेळ लागत नाही.

सगळ्यात शेवटी पेटाऱ्याच्या तळाला स्टुडिओचे लिफाफे सापडतील, आत निगेटिव्ह. ते कुणी बघत नाही आणि घर रिकामं करताना पहिले तेच फेकले जातात, पण फोटोपेक्षा जास्त तपशील तिथे असतो. लिफाफा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ती ॲसिटेट फिल्म सडू लागलीय. त्या वाफेने शेजारची चांगली फिल्मही सडते, आणि जितकं आम्ल साचेल तितका वेग वाढतो. तो लिफाफा त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळा, हवेशीर जागी ठेवा, आणि स्कॅनिंगच्या यादीत त्याचा नंबर पहिला लावा.