जुनं सामान घरी नेताना: कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, सोफा

जुनी मोठी वस्तू घेताना गंज, कुलूप, गादी, आवाज सगळं पाहिलं जातं. ती ज्या वाटेनं घरात जाणार, ती वाट मात्र बघायची राहून जाते. गाडीत सामान सहसा मोडत नाही. ओटल्यापासून खोलीपर्यंतच्या शेवटच्या पंधरा-वीस पावलांत चौकट खरचटते, फरशीचा टवका उडतो, बोट चेंगरतं. म्हणून टोकन देण्याआधी टेप घेऊन स्वतःच्या घरात एक फेरी मारा.

वाट मोजताना

चौकट 36 इंचांची असली तरी आतली मोकळी जागा 36 इंच नसते. दोन्ही बाजूंचं लाकूड अडीच-अडीच इंच धरलं तर 31 उरतात. उघडलेल्या पल्ल्याची जाडी दीड इंच खाते, आणि पल्ला मागे भिंतीला टेकत नसेल तर आणखी. धरणाऱ्याच्या बोटांना दोन्हीकडे एक-एक इंच सोडा. म्हणजे 27 इंचांपर्यंतची वस्तू बिनघोर जाते. त्याहून रुंद असेल तर सुताराकडून पल्ला बिजागऱ्यांपासून आधीच सोडवून ठेवा. वस्तू दारात अडकल्यावर स्क्रूपर्यंत हातच पोचत नाही. चॅनल गेट असेल तर ते पूर्ण सरकवून मगच माप घ्या, कारण गुंडाळलेली जाळीही जागा अडवते. जुन्या फ्रिजच्या बाजूवर कमरेच्या उंचीला एक सरळ, लांब ओरखडा दिसतो, तो बहुतेक वेळा दाराच्या कोयंड्याचा असतो. पुढे आलेल्या कडी-कोयंड्यावर जुना टॉवेल बांधला की तो टळतो.

इंदूरच्या राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वाड्यांत आणि रामबागेतल्या जुन्या घरांत जिना कितीदा तरी अडीच फुटांचाच असतो. जिना सरळ असेल तर तेवढा पुरतो, खरी अडचण वळणावर येते. तिथे आकडेमोड करत बसण्यापेक्षा जुन्या खोक्याचा पुठ्ठा वस्तूच्या लांबी-रुंदीचा कापा, दोघांनी धरून वर नेऊन बघा. पुठ्ठा वाकवावा लागला, तर सोफाही तिथेच अडणार. वस्तू उभी करून वळवायची असेल तर वळणावर डोक्यावरची उंचीही मोजा. गॅलरीतून दोरानं वर ओढायचा आग्रह धरू नका. कठडा तेवढ्या ओझ्यासाठी बांधलेला नसतो, आणि जुन्या गल्ल्यांत विजेच्या तारा गॅलरीच्या अगदी जवळून जातात.

लोखंडी कपाट

नेहमीचं मोठं कपाट 78 इंच उंच, 36 रुंद आणि 19 खोल असतं. खोलीत माळा 79 इंचांवर असेल तर कपाट त्याखाली बसतं, पण आडवं आणून तिथेच उभं करता येत नाही. उभं होताना त्याचा कोपरा तिरक्या मापानं वर जातो आणि ते माप 80 इंचांच्या थोडं वर भरतं. तेव्हा कपाट मोकळ्या जागेत उभं करा आणि मग माळ्याखाली सरकवा. सरकवताना पायांखाली दुमडलेलं बारदान घाला. नुसत्या पायांनी कोटा फरशीवर ओढलं तर पडलेली पांढरी रेघ पॉलिश केल्याशिवाय जात नाही.

उचलण्याआधी खण आणि आतलं सामान काढा, दार कुलूप लावून बंद करा आणि किल्ली एकाच माणसाच्या खिशात ठेवा. किल्ली आतल्या लॉकरमध्ये राहिली आणि धक्क्यानं दार लागलं, की किल्लीवाल्याला बोलवावं लागतं.

जागेवर ठेवल्यावर दार लागेना, तर ते ठोकू नका. कपाट बिघडलेलं नसतं, फरशी असमान असल्यामुळे सांगाडा पिळला जातो. जे दार खाली उतरलेलं दिसतं, त्याच बाजूच्या पुढच्या पायाखाली दोन-तीन मिलिमीटरची पट्टी सरकवा. दोन्ही दारांच्या वरच्या कडा एका रेषेत आल्या की कुलूप हलक्या हातानं फिरतं.

फ्रिज

आदल्या रात्रीच फ्रिज बंद करून दार उघडं ठेवायला विकणाऱ्याला सांगा. सकाळी बंद केलेल्या फ्रिजचा बर्फ वाटेत वितळतो आणि पाणी जिन्यावर, खालच्या माणसाच्या पायाखाली येतं. मागे कंप्रेसरवर एक छोटा ट्रे असतो. त्यातलं साचलेलं घाण वासाचं पाणी आधी काढा, नाहीतर फ्रिज कलला की ते थेट खालून धरणाऱ्याच्या अंगावर सांडतं. काचेचे शेल्फ आणि भाजीचा डबा वेगळे न्या.

फ्रिज उभाच न्यायचा. आडवा केला तर कंप्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं. तसाच लगेच चालू केला तर कंप्रेसर तेलावाचून फिरतो किंवा अडकतो. उभा आणला असेल तर दोन तास थांबा, आडवा आणला असेल तर रात्रभर उभा ठेवून सकाळी चालू करा. चालू केल्यावर गुणगुण येऊन ‘टक्’ होतं, काही वेळानं पुन्हा तसंच होतं, तर लगेच बंद करा. कंप्रेसर सुरू व्हायला धडपडतोय. व्होल्टेज तपासा आणि मेकॅनिकला बोलवा, बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर प्लग काढा आणि अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय फ्रिज वापरू नका.

वॉशिंग मशीन

समोरून उघडणाऱ्या मशीनचा ड्रम स्प्रिंगांवर लोंबता असतो. नवं मशीन येतं तेव्हा तो मागच्या बाजूनं लांब बोल्टांनी बांधलेला असतो. बोल्ट मिळाले तर लावून आणा, आणि पहिली धुलाई करण्याआधी आठवणीनं काढा. ते राहून गेले तर पिळताना मशीन थरथरत जागेवरून चालू लागतं. बोल्ट नसतील तर मशीन उभंच आणि सावकाश न्यायचं.

खाली कोपऱ्यात फिल्टरचं झाकण असतं. तिथून एक-दोन लिटर पाणी निघतं, म्हणून खाली परात धरा. पाणी गरम करणारं मशीन 2000 वॅटच्या आसपास घेतं, म्हणजे जवळपास 9 अँपिअर. ते 6 अँपिअरच्या साध्या सॉकेटवर लावलं तर बोर्ड तापून काळा पडतो. 16 अँपिअरचा पॉइंट हवा. टाकी मशीनच्या डोक्यावर जेमतेम असेल तर दाब कमी पडतो आणि मशीन पाणी भरतच राहतं. त्यात मशीनचा दोष नसतो.

सोफा, पलंग

सोफा उलटा करून खालचं कापड बघा. शिवणीत आणि कापड ठोकलेल्या पिनांच्या रांगेत काळे बारीक ठिपके म्हणजे ढेकूण. उन्हात ठेवून ते जात नाहीत, जाड गादीत आत सरकतात. असा सोफा घरात घेऊच नका. लाकडावर बारीक भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर कीड आत जिवंत असू शकते, मातीच्या बारीक नळ्या असतील तर वाळवी.

भुशाच्या बोर्डाचा पलंग सोडवला की स्क्रूची पकड जाते. भोकात फेव्हिकॉल आणि दोन काडेपेटीच्या काड्या घाला, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू बसवा. पावसाळ्यात असा पलंग ताडपत्रीशिवाय आणू नका. ओला होऊन फुगलेला कोपरा वाळल्यावरही पूर्वीसारखा होत नाही.

गाडी ठरवताना

सराफा बाजारात रात्री खाण्याची दुकानं लागल्यावर गाडी आत जात नाही. रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीच्या रात्री राजवाड्याकडची वेळ घेऊच नका.

सामान वाहून नेण्यासाठी फोन करताना आम्हाला एवढं सांगा: वस्तूची तिन्ही मापं, दाराची मोकळी रुंदी, मजला, जिन्याची रुंदी आणि वळणं, गाडी दारापासून किती पावलांवर उभी राहील. जिन्याच्या वळणाचा एक फोटो पाठवलात तर किती हमाल आणि किती पट्टे लागतील ते आम्ही आधीच ठरवतो, आणि दर दारात उभं राहून बदलावा लागत नाही.