नोज कोनमधलं वजन: छर्रे, माती आणि टंगस्टनची पार्श्वभूमी

हौशी रॉकेट बांधणारा माणूस एरवी एकेका ग्रॅमसाठी जीव टाकतो. पंख घासून पातळ करतो, रंगाचा एक हात कमी मारतो. आणि सगळं झाल्यावर तोच माणूस नोज कोनमध्ये, म्हणजे रॉकेटच्या निमुळत्या नाकात, वीस-तीस ग्रॅम निव्वळ ओझं भरतो. ते भरायचं कशाने, यावर हौशी मंडळींत वाद घालायला कायमच उत्साह असतो. या वादाची मुळं बरीच जुनी आहेत, आणि माझ्या मते त्यात घनतेला जरा जास्तच मान मिळाला आहे.

जुन्या रॉकेटांना नाक जड करायची गरजच नव्हती. अठराव्या शतकातल्या म्हैसूरच्या रॉकेटांना लोखंडी नळीला बांधलेला लांब बांबू असे. त्यांच्यावरून विल्यम काँग्रीव्हने इंग्लंडमध्ये जी रॉकेटं बनवली, त्यातल्या ३२ पौंडीला सुमारे १५ फुटांची काठी लागे. काठीमुळे गुरुत्वमध्य मागे सरकतो खरा, पण हवेचा जोर जिथे एकवटतो तो दाबमध्य त्याहूनही मागे जातो. गुरुत्वमध्य पुढे आणि दाबमध्य मागे असला, की तिरकं झालेलं रॉकेट हवाच सरळ करते. १८४४ मध्ये विल्यम हेलने काठी काढून टाकली आणि रॉकेट स्वतःभोवती फिरवून स्थिर केलं. तिथेही नाकात भर घालण्याचा प्रश्न आला नाही.

रॉबर्ट गॉडर्डची गोष्ट वेगळी. १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न गावी उडालेल्या त्याच्या पहिल्या द्रव इंधनाच्या रॉकेटात इंजिन वर होतं आणि टाक्या खाली. इंजिनाने वरून ओढलं की खालचं वजन लंबकासारखं लोंबत राहील आणि रॉकेट आपोआप सरळ जाईल, अशी अटकळ होती. ती चुकीची निघाली. रॉकेट कललं की इंजिनाचा जोरही त्याच्याबरोबर कलतो, त्यामुळे सरळ करणारं बळ निर्माणच होत नाही. गॉडर्डने पुढे इंजिन खाली नेलं. आजही नवशिका 'इंजिन वर बसवलं तर?' असं विचारतो, तेव्हा तो नकळत याच वाटेने चाललेला असतो.

छंद म्हणून रॉकेट उडवणं सुरू झालं ते १९५४ च्या सुमारास. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात बुटांचं दुकान चालवणारा ऑरव्हिल कार्लाइल याला दारूकामाची आवड होती, आणि त्याचा भाऊ रॉबर्ट विमानांच्या मॉडेलांचा शौकीन. दोघांनी मिळून कागदी नळीचं, पुन्हा पुन्हा उडवता येणारं रॉकेट बनवलं. १९५७ मध्ये रॉकेट-अभियंता आणि लेखक जी. हॅरी स्टाइन त्यात आला, १९५८ मध्ये व्हर्न एस्टिसने कंपनी काढली, आणि त्याच्या 'मेबल' नावाच्या यंत्रातून काळ्या दारूची छोटी इंजिनं भराभर बाहेर पडू लागली.

या रॉकेटांचा नोज कोन बाल्सा या हलक्या लाकडाचा, म्हणजे जवळजवळ बिनवजनी. इंजिन शेपटीत. पंख मोठे ठेवले तर भागायचं, पण बुटक्या किंवा लहान पंखांच्या रॉकेटला गुरुत्वमध्य पुढे आणायला नाकात भर लागायची. किती, हे ठरवायचे दोन मार्ग होते. एक, रॉकेटला गुरुत्वमध्यापाशी दोरा बांधून डोक्याभोवती गरगर फिरवायचं आणि ते नाक पुढे करून जातं का ते बघायचं. दुसरा, रॉकेटची बाजूची आकृती पुठ्ठ्यातून कापायची आणि पुठ्ठा जिथे तोलला जाईल तो दाबमध्य धरायचा. पुठ्ठ्याचा हिशोब रॉकेट पूर्ण आडवं होऊन हवेत जातंय असं गृहीत धरतो, त्यामुळे दाबमध्य खऱ्यापेक्षा पुढे येतो. मग गरजेपेक्षा मोठे पंख किंवा जास्त शिसं. सुरक्षित, पण उगाच जड.

१९६६ मध्ये नासात काम करणाऱ्या जेम्स बॅरोमनने हौशी रॉकेटवाल्यांच्या राष्ट्रीय मेळाव्यात दाबमध्य काढण्याची सोपी गणिती रीत मांडली. नाक, नळी, पंख यांचा वाटा वेगवेगळा काढायचा आणि बेरीज करायची. कागद-पेन्सिल पुरत असे. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे निदान एक कॅलिबर, म्हणजे नळीच्या एका व्यासाइतका असावा, हा नियम आता आकड्यांत तपासता येऊ लागला. 'आणखी थोडं टाक, असू दे' या सवयीला पहिला लगाम बसला तो इथे.

शिसं रूढ झालं याचं कारण साधं होतं: ते सहज मिळायचं. मासेमारीची वजनं आणि बंदुकीचे छर्रे कुठेही मिळत. बाल्साच्या कोनाला मागून भोक पाडायचं, त्यात छर्रे सोडायचे आणि वरून गोंद. पुढे पोकळ प्लॅस्टिकचे कोन आले आणि किटमध्ये मातीचा गोळा येऊ लागला, तोच मुलांचा तेलकट, न वाळणारा. माती टोकात दाबून बसवणं सोपं, काढणंही सोपं, मुलांच्या हाती द्यायला बिनधास्त. पण ती गुळगुळीत प्लॅस्टिकला धरत नाही आणि उन्हात मऊ पडते. पॅराशूट बाहेर फेकणारा स्फोट झाला की कोनाला जोरात हिसका बसतो, गोळा सुटतो आणि घरंगळत कोनाच्या बुडाशी येतो. वजन तेवढंच, पण जागा बदलली. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि पुढचं उड्डाण वाकडं जातं. म्हणून जाणकार माती लाकडी काडीने ठासून बसवतात आणि वर गोंदाचा थर देतात. कोन कानाशी धरून हलवायची सवयही यातूनच आली.

छर्रे आणि पांढरा गोंद ही जोडी मात्र दिसते तितकी निरुपद्रवी नाही. या गोंदातून सुटणाऱ्या ॲसिटिक आम्लाने बंदिस्त जागेत शिसं हळूहळू गंजतं. पांढरी भुकटी होते, ती फुगते आणि कालांतराने भोवतालचं कवच फोडू शकते. आगगाड्यांची आणि जहाजांची मॉडेलं बनवणाऱ्यांनी हा अनुभव भरपूर घेतला आहे, रॉकेटवाल्यांना तो आयताच मिळाला. तेव्हापासून छर्ऱ्यांसाठी इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारा गोंद.

इपॉक्सीची खरी परीक्षा झाली ती इंजिनं मोठी झाल्यावर. १९८० च्या दशकात काळ्या दारूऐवजी रबरासारख्या संयुक्त इंधनाची इंजिनं पसरली, मग पुन्हा भरता येणारी ॲल्युमिनियमची केसिंग, म्हणजे इंजिनाची कवचं आली. शेपटी जड झाली, आणि नाकातली भर ग्रॅमांवरून शेकडो ग्रॅमांवर गेली. एवढी भर एकदम इपॉक्सीत ओतली तर घट्ट होताना निघणारी उष्णता पातळ प्लॅस्टिकचा कोन वाकडा करते. म्हणून थोडं थोडं ओतायचं आणि कोन टोक खाली करून थंड पाण्यात धरायचा. दुसरी अडचण अधिक फसवी आहे: पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकला इपॉक्सी चिकटतच नाही. आतला गठ्ठा सुकल्यावर टणक दिसतो, पण खरं तर तो कोनात नुसता बसलेला असतो. यावर उपाय म्हणजे ओतण्याआधी कोनातून आडवी काडी किंवा स्क्रू घालायचा, म्हणजे गठ्ठा त्यात अडकून राहतो. मोठ्या फायबरग्लास कोनांत धातूच्या टोकाला आट्यांचा रॉड जोडतात, त्यावर वॉशर चढवून नटाने आवळतात. ही मला सगळ्यांत शहाणी पद्धत वाटते, कारण इंजिन बदललं की वॉशर कमी-जास्त करता येतात.

शिशाला उतरती कळा लागली ती मात्र रॉकेटांमुळे नव्हे. ब्रिटनमध्ये १९८७ साली हंस मरतात म्हणून मासेमारीच्या लहान शिसेरी वजनांची विक्री बंद झाली. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांना देशभर बंदी आली, २००८ च्या कायद्याने मुलांच्या वस्तूंमधल्या शिशावर कडक मर्यादा घातली, आणि २०२३ पासून युरोपीय संघातही पाणथळ जागांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत. शिकारी आणि मासे पकडणाऱ्यांसाठी पोलाद, बिस्मथ, टंगस्टन असे पर्याय बाजारात आले. रॉकेटवाल्यांनी ते तिथून उचलले. टंगस्टनची मळून दाबता येणारी पुटीही त्यातलीच.

इथे घनतेचा वाद पेटतो. शिसं ११.३, पोलाद ७.९, टंगस्टन १९.३ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर. आकडे ऐकून टंगस्टन घ्यावंसं वाटतं. पण एक हिशोब करून पाहा. २४ मिलिमीटर रुंद आणि ७० मिलिमीटर लांब असा सरळ शंकू घ्या, त्यात २० ग्रॅम छर्रे टोकापासून भरा. गोल छर्ऱ्यांमध्ये फटी राहतात, धातू साधारण साठ टक्के जागा व्यापतो. शिशाच्या भरीचा मध्य टोकापासून सुमारे ३४.३ मिलिमीटरवर येतो, पोलादाचा ३८.७ वर, टंगस्टनचा २८.७ वर. रॉकेट १०० ग्रॅमचं असेल तर शिशाऐवजी पोलाद घेतल्याने सबंध रॉकेटचा गुरुत्वमध्य एक मिलिमीटरही मागे जात नाही, आणि टंगस्टनने तो पुढे येतो जेमतेम एक मिलिमीटर. शंकूत भरीची उंची घनफळाच्या घनमुळाने वाढते, त्यामुळे घनतेतला मोठा फरक अंतरात विरघळतो. धातू आणि मातीतला फरक मात्र खरा आहे: २० ग्रॅम मातीला हा शंकू काठोकाठ भरूनही जेमतेम पुरतो. टंगस्टनला अर्थ आहे तो अगदी बारीक स्पर्धेच्या रॉकेटात किंवा टोकाशी बोटभरही जागा नसते तिथे. बाकीच्यांनी पोलादी छर्रे किंवा वॉशर घ्यावेत आणि वाचलेलं लक्ष ती भर घट्ट बसवण्याकडे द्यावं.

अमेरिकेतल्या हौशी रॉकेटवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेची सुरक्षा संहिता छोट्या रॉकेटांचं नाक, नळी आणि पंख हलक्या, धातू नसलेल्या साहित्याचे असावेत असं सांगते. पॅराशूट न उघडता रॉकेट खाली आलं तर टोकातला शिशाचा घन तुकडा काय करेल, हे त्यामागे आहे. म्हणून भर टाकण्याआधी तिची गरज कमी करणं उत्तम. लांबी वाढवा, पंख वाढवा. खऱ्या क्षेपणास्त्रांच्या प्रतिकृतींत हे चालत नाही. व्ही-२ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन क्षेपणास्त्राच्या इंजिनाच्या झोतात ग्रॅफाइटच्या वल्ह्या होत्या, त्या त्याला वळवून सरळ ठेवत. मॉडेलमध्ये त्या नसतात, मग नाक जड करावंच लागतं. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-५ ची मॉडेलं बनवणाऱ्यांनी पारदर्शक प्लॅस्टिकचे मोठे पंख लावून वाट काढली. बुटक्या, जाड रॉकेटांसाठी उड्डाणाचा हिशोब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मागे व्यासाच्या π (सुमारे ३.१४) पट लांबीचा बिनवजनी शंकू जोडून बघतात. बुडामागे हवेमुळे होणारा ओढा हिशोबात आला की बऱ्याचदा आधी ठरवलेली भर निम्मीही लागत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये रॉकसिम आधीपासून होतं, पण ओपनरॉकेट फुकट आलं. साम्पो निस्कानेनने हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातल्या २००९ च्या पदव्युत्तर प्रबंधासाठी ते लिहिलं. आता भर बांधण्याआधीच ठरते. शिवाय उंचीमापक, बॅटरी, जीपीएस ट्रॅकर ही सगळी कामाची वजनं नाकात हलवता येतात, आणि निरुपयोगी भर तेवढी कमी होते. ट्रॅकर ठेवताना एक पथ्य: ॲन्टेना छर्ऱ्यांना किंवा रॉडला चिकटून ठेवू नये, धातू सिग्नल अडवतो. छर्रे टोकात, बॅटरी त्यामागे आणि ॲन्टेना सगळ्यांत मागे, कोनाच्या खांद्याकडे, म्हणजे नळीत शिरणाऱ्या भागाकडे, असा क्रम बहुतेकांना जमतो.