मेकमायग्रेशन्स आणि मायग्रेट: जँगोतली दोन वेगळी कामं

जँगो, म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट, शिकताना बहुतेक जण या दोन कमांड एका दमात चालवतात. आधी मेकमायग्रेशन्स, लगेच मायग्रेट. एकट्याच्या प्रोजेक्टमध्ये त्यावर भागतंही, त्यामुळे दोन्हींतला फरक कळतो तो टीममध्ये काम करायला लागल्यावर.

मेकमायग्रेशन्स तुमच्या डेटाबेसमधल्या टेबलांना हात लावत नाही. मॉडेलमधला, म्हणजे टेबलाची रचना सांगणाऱ्या पायथन कोडमधला, बदल ओळखून ती ॲपच्या मायग्रेशन्स फोल्डरमध्ये 0002 अशा क्रमांकाची एक पायथन फाइल लिहून ठेवते. बदल ओळखते कसा? अनेकांना वाटतं, डेटाबेसशी ताडून. तसं नाही. आधीच्या मायग्रेशन फाइली क्रमाने वाचून मॉडेल आजवर कसं होतं ते ती जुळवते आणि आत्ताच्या मॉडेलशी ताडून पाहते. म्हणून कुणी थेट एसक्यूएल (डेटाबेसला हुकूम द्यायची भाषा) चालवून कॉलम वाढवला, तर तिला त्याचा पत्ताही लागत नाही.

डेटाबेस बदलते ती मायग्रेट. कोणत्या फाइली लागू झाल्या याची नोंद डेटाबेसमधल्याच एका टेबलात असते. ती पाहून मायग्रेट उरलेल्या फाइली चालवते. जमिनीचे कागद हाताळलेल्यांना हे चटकन उमगेल: फेरफार नोंद धरली म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढलं असं नव्हे.

मी काम केलेल्या एका टीममध्ये मायग्रेशन फाइली गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, टाकतच नसत. सर्व्हरवरही मेकमायग्रेशन्स चालवायचे. प्रत्येक मशीनवरची 0007 वेगळी झाली आणि टेबलं जुळवण्यात आमचे दोन दिवस गेले. तेव्हापासून मी हे आग्रहाने सांगतो: मेकमायग्रेशन्स आपल्या मशीनवर चालवा, तयार झालेली फाइल वाचा आणि कोडबरोबर कमिट करा. सर्व्हरवर फक्त मायग्रेट. दोघांनी एकाच फाइलवरून पुढे आपापली 0005 बनवली, तर त्या जोडून घ्यायला मेकमायग्रेशन्सला मर्जचा पर्याय आहे.

फाइलमधून नेमकं कोणतं एसक्यूएल निघणार हे एसक्यूएलमायग्रेट दाखवते. मोठ्या टेबलावर हात टाकण्याआधी ते जरूर पाहा.

आणि मागे यायचं असेल तर आधी फाइल डिलीट करू नका. मायग्रेटला ॲपचं नाव आणि जुना क्रमांक द्या, टेबल पूर्ववत होऊ द्या, मग फाइल काढा. उलटं कसं जायचं हे जँगोला त्या फाइलमधूनच कळतं. मात्र डिलीट झालेल्या कॉलममधला डेटा असा परत येत नाही, त्यासाठी बॅकअपच लागतो.