उघड्या हवेतली ठिणगी

जुनी कार्ब्युरेटरवाली पेट्रोल गाडी. सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, आयडलिंगला शांत उभी राहते, सपाट रस्त्यावर काही तक्रार नाही. चढ लागला आणि ॲक्सिलरेटर दाबला की मिसिंग सुरू, ओढ जाते, चार झटके मारून बंद. वीस मिनिटं बॉनेट उघडं ठेवलं की पुन्हा ठणठणीत.

यावर बहुतेक ठिकाणी होणारी तपासणी ठरलेली आहे. एक स्पार्क प्लग (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा) काढायचा, वायर लावून त्याचा पत्रा इंजिनाला टेकवायचा, सेल्फ मारायचा. चट-चट ठिणगी दिसली की निकाल तयार: ‘करंट येतोय, पेट्रोलचा प्रॉब्लेम आहे.’ मग कार्ब्युरेटर खोलला जातो, जेट साफ होतात, नवं किट पडतं आणि पुढच्या चढावर गाडी पुन्हा उभी. या तपासणीतून एवढंच कळतं की उघड्या हवेत ठिणगी पडते. इंजिन उघड्या हवेत चालत नाही.

प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीत वायू असतो आणि वायू हा विजेचा दुर्वाहक. ठिणगी पडायची तर त्या फटीतल्या मोजक्या मोकळ्या इलेक्ट्रॉननी वेग घेऊन वाटेतल्या रेणूंवर इतक्या जोरात आदळायला हवं, की त्यांतून नवे इलेक्ट्रॉन सुटतील. ते पुढे आणखी सोडवतील आणि क्षणात लोंढा तयार होईल. आता फलाटावर पळत सुटलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. फलाट मोकळा असेल तर दहा पावलांत चांगला वेग येतो. गर्दी असेल तर दर पावलाला कोणाला तरी धडकतो आणि वेग धरतच नाही. इलेक्ट्रॉनचंही तसंच. वायू जितका दाट, तितकं दोन धडकांमधलं अंतर कमी, आणि तेवढ्याशा अंतरात पुरेशी ऊर्जा मिळवायला व्होल्टेज जास्त. फ्रीडरिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये हे प्रयोगाने मांडलं: ठिणगीला लागणारं व्होल्टेज वायूचा दाब आणि फटीची लांबी यांच्या गुणाकारावर ठरतं. तापमान बदलत असेल तर दाबाऐवजी घनता धरायची.

हे इंजिनाला लावून पाहू. ०.६ मिमीच्या फटीला उघड्या हवेत सुमारे तीन हजार व्होल्ट पुरतात. आयडलिंगला थ्रॉटल (हवेच्या वाटेवरची झडप) जवळजवळ बंद असतो, त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमधला (मिश्रण सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब बाहेरच्या हवेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास राहतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की थ्रॉटल उघडतो आणि तोच दाब जवळपास बाहेरच्या हवेइतका होतो. दोन्ही वेळा पिस्टन ते मिश्रण सारख्याच प्रमाणात दाबतो, ठिणगीच्या क्षणापर्यंत साधारण सहा पट. म्हणजे आयडलिंगला फटीतला वायू बाहेरच्या हवेच्या जेमतेम दुप्पट दाट आणि चढावर सहा पट. गरजही त्याच मापाने वाढते: आयडलिंगला पाच-सहा हजार व्होल्ट, चढावर पंधरा हजारांच्या घरात. त्यात प्लग झिजून फट ०.६ ची ०.९ मिमी झाली असेल तर दीडपट आणखी. टेकवून पाहिलेली ठिणगी तीन हजारांची परीक्षा पास झाली. पंधरा हजारांच्या परीक्षेला ती बसलेलीच नाही.

म्हणून स्पार्क टेस्टर वापरावा. त्यात फट हवी तेवढी ठेवता येते. पॉइंटवाल्या (प्रवाह जोडणारा-तोडणारा यांत्रिक स्विच असलेल्या) जुन्या गाडीला उघड्या हवेत ६ मिमी फट ठेवा. ती पार करून निळसर, कडकडणारी ठिणगी पडली तर कॉइलकडे (ठिणगीचं व्होल्टेज तयार करणाऱ्या वेटोळ्यांच्या जोडीकडे) शिल्लक ताकद आहे. बारीक, नारिंगी, मधूनच चुकणारी असेल तर दोष सापडण्याच्या वाटेवर आहात. टेस्टर प्लगच्या उघड्या भोकापासून आणि पेट्रोलच्या नळीपासून लांब धरा. हाय टेन्शन वायर नुसती लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका, ठिणगी बाहेर वाट शोधते आणि कॉइलचं आतलं इन्सुलेशन फोडते.

आता ही ताकद जाते कुठे? पॉइंट आणि कॉइलची ही पद्धत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास गाड्यांमध्ये रुजवली आणि पुढे पन्नास-साठ वर्षं तीच चालली. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या प्रायमरी वेटोळ्यातून प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र साठतं. पॉइंट उघडले की क्षेत्र कोसळतं, प्रायमरीत दोन-तीनशे व्होल्टचा धक्का बसतो आणि सेकंडरीची वेटोळी साधारण शंभर पट असल्याने तिथे वीस-तीस हजार मिळतात. साठलेली ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सगळी मेख या ‘वर्गा’त आहे.

बॅलास्ट (कॉइलच्या वाटेत जोडलेला वेगळा रोध) नसलेल्या कॉइलच्या प्रायमरीचा रोध थंड असताना ३ ओहम आणि इंडक्टन्स ८ मिलिहेन्री धरा. १२ व्होल्टला प्रवाह ४ अँपिअर आणि ऊर्जा ६४ मिलिज्यूल. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. कॉइल २० अंशांवरून ९० अंशांवर गेली की ३ चे ३.८ ओहम होतात, प्रवाह ३.१५ च्या आत येतो आणि ऊर्जा ४० मिलिज्यूलच्या खाली. इथवर काहीही बिघडलेलं नाही, हा निव्वळ तांब्याचा स्वभाव. आता इग्निशन स्विचमध्ये, फ्यूजच्या चिमट्यात नाहीतर गंजलेल्या थिंबलमध्ये (तारेच्या टोकावरच्या जोडणीत) फक्त अर्धा ओहम घाला. प्रवाह २.८, ऊर्जा ३१. सकाळच्या निम्म्याहूनही कमी, आणि तीही नेमकी गरज तिप्पट झालेली असताना. (वेग वाढला की पॉइंट मिटलेले राहण्याचा काळ घटतो आणि प्रवाहाला पूर्ण चढायलाही वेळ मिळत नाही. तो हिशेब इथे धरलेलाच नाही.) गाडी ‘गरम झाली की रुसते’ त्याचा अर्थ हा. तिला विश्रांती लागत नाही, कॉइल थंड व्हायला वेळ लागतो.

हा अर्धा ओहम मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर शोधू नका. वाहत्या प्रवाहात व्होल्टेज किती गळतं ते मोजा. पॉइंट मिटलेले असू द्या, इग्निशन चालू करा, मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या प्लस खुंटीवर, दुसरं कॉइलच्या प्लसवर. वाटेत बॅलास्ट नसेल तर अर्ध्या व्होल्टच्या आत वाचन हवं. दीड-दोन व्होल्ट दिसले तर एकेक जोड ओलांडत मागे या, वाचन जिथे एकदम पडेल तो जोड गुन्हेगार. मग कॉइलच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनस खुंटीपर्यंत मोजा, इथे ०.२ व्होल्टच्या वर नको. जास्त असेल तर पॉइंट जळलेले आहेत किंवा अर्थिंग सैल आहे. मिनिटभरात मोजून इग्निशन बंद करा, नाहीतर कॉइल उगाच तापते. पॉइंटची फट बहुतेक गाड्यांत ०.४ मिमीच्या आसपास असते, तरी आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ दिसलं तर कंडेन्सरही (पॉइंटवर ठिणगी पडू न देणारा भाग) बदला. तो खचला की ऊर्जा प्लगऐवजी पॉइंटवरच जळते.

एक दोष इतका लबाड आहे की त्याला वेगळी जागा द्यायला हवी. डिस्ट्रिब्युटरच्या (पाळीने एकेका प्लगला वीज वाटणाऱ्या भागाच्या) आत पॉइंट ज्या पट्टीवर बसतात, ती व्हॅक्यूमच्या ओढीने थोडी फिरते. तिला जोडणारी बारीक, विणलेली तार वर्षानुवर्षं वाकून आतून तुटते आणि वरचं कापडी वेष्टण मात्र शाबूत राहतं. आयडलिंगला तारेची टोकं एकमेकांना टेकलेली असतात, पट्टी सरकली की सुटतात. झाकण काढून व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढा आणि तेव्हाच वरचं मायनसकडचं मापन घ्या. वाचनाने उडी मारली तर तार गेली. सेल्फ मारताना इंजिन पेटतं आणि चावी सोडताच मरतं, त्या गाडीत मात्र आधी बॅलास्ट पाहा. सेल्फच्या वेळी त्याला वळसा घालून कॉइलला थेट वीज मिळते, चावी सोडली की वाट त्याच्यातूनच जाते.

पेट्रोलचा दोष नसतोच असं नाही, पण तो वेगळ्या चालीने येतो. ठिणगी गेली तर इंजिन दिवा विझावा तसं तुटतं, सायलेन्सरमध्ये न जळलेलं पेट्रोल फटकन पेटतं. पेट्रोल कमी पडलं तर गाडी आधी दम टाकते, कार्ब्युरेटरमधून उलटी शिंकते, चोक थोडा ओढला की सावरते. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं असेल तर झाकण उघडताना ‘सुस्स’ आवाज येतो. आत पोकळी धरलेली असते आणि पंप तिच्याशी झुंजत असतो. मेकॅनिकल पंप इंजिनावर असल्याने टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते. तिला भेग पडली तर बाहेर थेंबही दिसत नाही, उलट हवा आत ओढली जाते. त्या नळीवर बसवायचे ‘मायलेज वाढवणारे’ चुंबक मिळतात. पेट्रोलवर चुंबकाचा असा कोणताही परिणाम होत नाही. तेच पैसे घालून नळी बदलावी.

सायलेन्सर आतून कोसळून बुजला तरीही ओढ जाते. व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला लावून इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर धरा. काटा हळूहळू खाली घसरत राहिला तर वाट बंद आहे.

रस्त्यात गाडी बंद पडली की पहिली दोन मिनिटं मोलाची, थंड होताच पुरावा जातो. आधी टाकीचं झाकण उघडून आवाज ऐका. मग एअर क्लीनर काढा आणि इंजिन बंद ठेवूनच ॲक्सिलरेटरची तार हाताने झटकन ओढा. कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोलची धार दिसली तर पेट्रोल तिथवर पोचतंय, आता टेस्टर लावून ठिणगी तपासा. घरी येईपर्यंत सगळं ठीक झालं असेल तर कॉइलच्या तारा सोडवा आणि हेअर ड्रायरने ती तापवत ओहम मोजत राहा. प्रायमरी ३ वरून ३.८ कडे सावकाश चढली तर प्रायमरी ठीक आहे. सेकंडरीचे काही हजार ओहम तापता तापता एकाएकी अनंताकडे गेले, तर आतली तार तुटलेली आहे आणि गरम होऊन फाकते आहे.