फ्रीजवरचा कागद: वजनाच्या ऑपरेशननंतरचं पथ्य आलं कुठून?

देवगडला माझ्या मावसबहिणीच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या दारावर एक कागद लावलेला आहे. कडा तेलकट झाल्या आहेत, एका कोपऱ्यावर हळदीच्या बोटाचा ठसा आहे. चार वर्षांपूर्वी तिने वजनाचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टर त्याला बॅरिअॅट्रिक सर्जरी म्हणतात, वाडीत 'पोट कापून घेतल्यान' म्हणतात. घरी सोडताना हॉस्पिटलने हा कागद हातात दिला. जेवताना पाणी पिऊ नये. आधी प्रोटीन, रोज किमान साठ ग्रॅम, मग भात. पातळ गोड पदार्थ टाळा. गोळ्या आयुष्यभर. दर वर्षी रक्ततपासणी. हे सगळं का, ते मात्र कागदावर कुठेच नाही. त्यामुळे पहिले सहा महिने ती तो देवाच्या पोथीसारखा पाळत होती आणि नंतर तितक्याच सहज विसरू लागली.

या ओळींमागे साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बराचसा फसलेल्या ऑपरेशनांचा आहे.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या क्रेमेन, लिनर आणि सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग बाजूला ठेवून अन्न थेट पुढे नेण्याची कल्पना मांडली. १९६९ च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या पेन आणि डीविंड या डॉक्टरांची पद्धत रूढ झाली. सुरुवातीचं चौदा इंच आणि शेवटचं चार इंच आतडं एकमेकांना जोडायचं, मधलं सगळं निष्क्रिय. साधारण वीस फुटांच्या आतड्यातलं दीड फूट कामाला. वजन धडाधड उतरलं. मग जुलाब, यकृत निकामी होणं, सांधेदुखी आणि मूतखडे सुरू झाले, आणि पुढच्या काही वर्षांत हे ऑपरेशन बंद पडलं. अनेकांची आतडी पुन्हा पूर्ववत जोडावी लागली.

मूतखड्यांचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आपल्या अळूच्या पानात ऑक्झॅलेट भरपूर. एरवी आतड्यातलं कॅल्शियम त्याला धरून ठेवतं आणि ते शौचावाटे निघून जातं. अन्नातली चरबी पचली नाही की ती कॅल्शियमला चिकटते, ऑक्झॅलेट मोकळं राहतं, रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडात खडा होऊन बसतं. आजच्या बायपासमध्ये, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात त्या ऑपरेशनमध्ये, हा धोका पूर्वीइतका नाही, पण अजिबात नाही असंही नाही. म्हणूनच बायपास झालेल्या माणसाला पाणी भरपूर प्यायला आणि कॅल्शियमची गोळी न चुकवायला सांगतात. अळूचं फदफदं रोज खाऊ नका, हे मात्र शहरात छापलेल्या कागदावर कोण लिहिणार!

दुसरा धागा आयोवा विद्यापीठातला. एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रोगी पुढे जाड होत नाहीत. १९६६ मध्ये त्यांनी आणि चिकाशी इटो यांनी लठ्ठपणासाठी गॅस्ट्रिक बायपास सुरू केला, १९६७ मध्ये तो प्रसिद्ध केला. पुढे १९८० मध्ये मेसन यांनीच आतड्याला हात न लावणारी सोपी पद्धत आणली. जठराला उभे स्टेपल मारून छोटी पिशवी करायची आणि तिच्या तोंडाशी न ताणणारी पट्टी बसवायची. घास अडकायचा, माणूस कमी खायचा.

पण माणूस हुशार. चपाती आणि मटण अडकतं, आइस्क्रीम आणि मिल्कशेक अडकत नाही, हे रोग्यांना काही आठवड्यांतच कळलं. पिशवी तेवढीच राहिली, स्टेपल शाबूत राहिले आणि वजन परत आलं. ज्यांचे स्टेपल निसटले त्यांची गोष्ट वेगळी. 'पातळ गोड टाळा' ही ओळ इथून आली. कोकणात आपल्याला आइस्क्रीमची गरजही नाही. मे महिन्यात आमरस आहे, पियूष आहे, गाय व्याली की खरवस आहे. यातलं काहीच नवीन पोटात अडत नाही.

आणि पेज. पेजेविषयी इथे कोणी वाईट बोललेलं खपत नाही, तरी बोलतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या पंधरवड्यात पातळच घ्यायचं असतं, तेव्हा पेजेचं निवळ, वरणाचं पाणी, ताक हे ठीक. पण बहिणीला पेज इतकी मानवली की सहाव्या महिन्यातही सकाळ-दुपार पेजच. तांदळाची पेज म्हणजे बहुतेक पिष्टमय पाणी. पोटातून घसरून जाते, दोन तासांत पुन्हा भूक. पहिल्या आठवड्यातलं पथ्य सहाव्या महिन्यात कुपथ्य होऊ शकतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

पेजेचाच आणखी एक किस्सा आहे, तो जरा गंभीर. ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिला उलट्या सुरू झाल्या. ऑपरेशन कोल्हापुरात झालेलं, दिवस पावसाचे, घाटात दरड. फोनवर कोणी नीट बोललं नाही. ती आठ-दहा दिवस घोटभर पेजेवर पडून राहिली आणि मग पायांना मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला. कणकवलीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो ऑपरेशनबद्दल. मग आधी थायमिनचं, म्हणजे बी१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं आणि त्यानंतरच ग्लुकोजची बाटली लावली. हा क्रम महत्त्वाचा आहे. थायमिन संपलेल्या शरीरात आधी ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. अशक्त माणूस आला की 'एक बाटली लावा' ही आपल्याकडची रीत, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे.

या आजाराचं जुनं नाव बेरीबेरी. १८९० च्या दशकात जावा बेटावर आइकमान या डच डॉक्टरांना दिसलं की पॉलिश केलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांच्या पायांतलं बळ जातं आणि कोंड्यासकटचा तांदूळ दिला की त्या उठून चालू लागतात. १९२९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपला उकडा तांदूळ या बाबतीत शहाणा. भात टरफलासकट भिजवून उकडला की कोंड्यातलं बी१ दाण्यात मुरतं, मग गिरणीत सडला तरी बरंचसं टिकून राहतं. अर्थात, सतत उलटी होत असेल तर उकड्याची पेजही पुरी पडत नाही.

आज आपल्याकडे सर्वांत जास्त होतं ते स्लीव्ह ऑपरेशन. बहिणीचंही तेच. जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून केळ्यासारखी नळी उरवायची. गंमत म्हणजे हे स्वतंत्र ऑपरेशन म्हणून जन्मलंच नव्हतं. फार वजनदार रोग्यांवर मोठं ऑपरेशन एका दमात करणं धोक्याचं, म्हणून २००० च्या आसपास सर्जनांनी त्याचे दोन टप्पे केले. पहिल्या टप्प्यात नुसती नळी. बरेच रोगी दुसऱ्या टप्प्याची गरजच पडू नये इतके हलके झाले. कारण निव्वळ जागा कमी झाली एवढंच नव्हतं. १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक शोधलं होतं. ते मुख्यतः जठराच्या ज्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, नेमका तोच भाग स्लीव्हमध्ये जातो. बहीण म्हणायची, 'पहिलं वर्षभर भूक म्हणजे काय तेच विसरले होते.'

आणि दुसऱ्या वर्षी भूक परत आली. इथेच या विषयाचं खरं दुखणं आहे. आपल्या वर्तमानपत्रांनी ऑपरेशनच्या बातम्या भरपूर छापल्या. २०११ मध्ये नितीन गडकरींचं ऑपरेशन झालं तेव्हा हा शब्द घरोघरी पोचला. २०१७ मध्ये इजिप्तहून सुमारे पाचशे किलो वजनाच्या स्त्रीला विमानाने मुंबईत आणलं, तेव्हा तर किती किलो उतरले याचा रोजचा धावफलकच लागला होता. पाचव्या वर्षी त्या काट्यावर काय दिसतं, याची बातमी होत नाही.

ती नोंद स्वीडनमध्ये झाली. १९८७ मध्ये तिथे सुरू झालेल्या अभ्यासात ऑपरेशन झालेली दोन हजारांवर माणसं वर्षानुवर्षं तपासली गेली. पहिल्या एक-दोन वर्षांत बायपासवाल्यांचं वजन सरासरी ३२ टक्के उतरलं होतं, स्टेपल-पट्टीवाल्यांचं २५ आणि जठराभोवती नुसती पट्टी बसवलेल्यांचं २० टक्के. दहा वर्षांनी हे आकडे २५, १६ आणि १४ वर आले. म्हणजे थोडं वजन परत येणं हा नियमच आहे, त्यात कोणाचं पाप नाही. वजन उतरलं की शरीर कमी ऊर्जेत भागवायला शिकतं, भूक वाढवतं, जुन्या आकड्याकडे ओढत राहतं. तरीही दहा वर्षांनी चौथाई वजन कमीच राहणं ही लहान गोष्ट नाही. याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाणही कमी दिसलं. आमच्याकडे मात्र चार किलो वाढले की 'पैसे फुकट गेले' असं म्हणायला सगळे तयार.

साठ ग्रॅम प्रोटीनची ओळ याच ओढाताणीशी जोडलेली आहे. वजन झरझर उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि स्नायू गेले की बसल्या जागी खर्च होणारी ऊर्जाही कमी होते. म्हणून रोज किमान ६० ग्रॅम. शंभर ग्रॅम बांगड्याच्या मांसात १९-२० ग्रॅम मिळतं. किनाऱ्यावरच्या माणसाला यात काय अवघड, असं वाटेल. पण पंचांग बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ताजा मासा महाग किंवा बर्फातला, घरात सुकट आणि जवळा. त्याला लागूनच श्रावण, म्हणजे सुकं नाही आणि अंडंही नाही. मग गणपती. जवळजवळ तीन महिने मुख्य प्रोटीनच ताटातून गायब. 'कुळथाची पिठी खाते की रोज,' असं बहीण सांगायची. कुळीथ चांगलाच, शंभर ग्रॅममध्ये २२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. पण वाटीभर पिठीला पीठ लागतं दोन चमचे, म्हणजे जेमतेम चार-पाच ग्रॅम. बाकी पाणी, लसूण आणि समाधान.

गणपतीतला छळ वेगळाच. 'वायच घे गो, इतक्यान काय होता?' असं म्हणत काकी पानात दुसरा मोदक ठेवते. बायपास झालेल्याला गूळ-खोबऱ्याचा मोदक घाईत खाल्ला तर साखर एकदम आतड्यात उतरून घाम, धडधड, पोटात कळ असं होऊ शकतं. डॉक्टर त्याला डम्पिंग म्हणतात. स्लीव्हवाल्याला तसं त्यामानाने कमी होतं, आणि तोच त्याचा तोटा. शरीर हात धरत नाही. भरीला, बारीक झालेली बाई इथे लोकांना आजारीच वाटते. ज्या कोकणाने मनीऑर्डरीवर आणि विकतच्या तांदळावर दिवस काढले, तिथे भरलेलं अंग हे सुखाचं लक्षण होतं. बहिणीला पहिल्या वर्षी देवळात तिघींनी विचारलं, 'साखर झाली काय तुका?'

आकड्यांचाही एक घोळ आहे. अमेरिकेत १९९१ मध्ये ठरलं की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, ४० असेल, किंवा ३५ आणि सोबत आजार असतील, तरच ऑपरेशन. आपल्या शरीराला हे माप बसत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. युडकिन यांचा २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेला फोटो प्रसिद्ध आहे. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. २०२२ मध्ये सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी ऑपरेशनची रेषा २७.५ वर आणली. आपल्या विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांत मात्र ४० आणि ३५ हेच जुने आकडे आहेत. त्यामुळे मधली माणसं आंब्याच्या पैशांतून किंवा दागिने मोडून ऑपरेशन करतात आणि मग पुढच्या तपासण्यांना हात आखडतो.

तो हात आखडणं महागात पडतं. बी१२, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांची कमतरता पहिल्या वर्षात दिसेलच असं नाही, कारण यकृतातला बी१२ चा साठा काही वर्षंही पुरतो. दारूचंही तसंच, फक्त कोकणात ते बोलून दाखवत नाहीत. बायपासनंतर दारू लवकर चढते, आणि २०१२ मधल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत दारूच्या व्यसनाचं प्रमाण ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या वर्षी वाढलेलं दिसलं. पहिल्या वर्षी सगळे जपून असतात.

कोकमाच्या कॅप्सूलबद्दल इथे हमखास विचारतात. कोकमाच्या जातभाईच्या सालीतलं हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल वजन उतरवतं, असा बोलबाला होता. १९९८ मध्ये १३५ जणांवर बारा आठवडे तपासलं तेव्हा ते साध्या पिठाच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. जेवणाआधी अर्धा तास नारळाच्या रसाशिवायची कोकमाची तिवळ खुशाल प्यावी, चवीसाठी. आता २०२५ पासून भारतात वजनाची इंजेक्शनंही आली आहेत आणि ऑपरेशननंतर परत आलेल्या वजनासाठीही डॉक्टर ती देतात. त्यातल्या सेमाग्लुटाइडचा अभ्यास सांगतो की औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत येतो.

चालण्याबद्दल अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही आहे. किमान १३-१४ किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्यांची. ही माणसं बहुधा रोज तासभर चालतात आणि नियमित काट्यावर उभी राहतात. आमच्या वाडीत बाजारात जायला जांभ्याची पाखाडी होती, एकशे बारा पायऱ्या. रस्ता झाला, रिक्षा दारात आली, पाखाडीवर शेवाळ धरलं. गेल्या दिवाळीनंतर बहिणीने खराटा घेऊन ती साफ केली. आता रोज सकाळी दोनदा चढते-उतरते, पावसात घसरायला होतं म्हणून तेवढे महिने देवळाच्या मंडपात फेऱ्या.

फ्रीजवरचा कागद तोच आहे. फक्त छापील ओळींखाली तिने पेनाने लिहिलं आहे: 'श्रावण – मूग, पनीर, दही, सोयाबीन. मासा नाही म्हणून पेज नाही.' त्याखाली रक्ततपासणीची तारीख, घाटात दरडी कोसळायच्या आधीची, मेमधली.