पार्श्वभूमी : 'बुद्ध्यांक' – भागाकार गेला, शब्द राहिला

पॅरिसमध्ये १९०५ साली तयार झालेल्या बुद्धिमापनाच्या मूळ चाचणीत बुद्ध्यांक नव्हताच. सोप्याकडून अवघडाकडे लावलेले ३० प्रश्न होते आणि शाळेत मागे पडणारी मुले ओळखणे हा हेतू होता. १९०८ मध्ये प्रश्न वयवार लागले. मानसिक वयाला (ज्या वयाच्या पातळीचे प्रश्न मुलाला येतात ते वय) खऱ्या वयाने भागण्याची कल्पना १९१२ ची, जर्मनीतली. १०० ने गुणण्याची प्रथा अमेरिकेत १९१६ साली रूढ झाली.

सगळा घोळ या भागाकाराचा. समजा मूल ८ वर्षे ४ महिन्यांचे, म्हणजे १०० महिन्यांचे आहे. पाच वर्षांच्या पातळीचे सगळे प्रश्न आले : ६० महिने. पुढे दर पातळीला सहा प्रश्न, प्रत्येकी २ महिने. सहाच्या पातळीचे पाच आले, सातच्या पातळीचे दोन, आठचा एकही नाही. मानसिक वय ७४ महिने, बुद्ध्यांक ७४. सुटसुटीत आहे, पण मानसिक वय पौगंडावस्थेनंतर फारसे वाढत नाही आणि खरे वय वाढतच राहते. म्हणून १९१६ च्या अमेरिकी आवृत्तीत प्रौढांचे वय १६ च धरत. शिवाय गुणांचा पसारा प्रत्येक वयात सारखा नसतो. सहाव्या वर्षीचे १३० आणि दहाव्या वर्षीचे १३० सारखेच दुर्मीळ असतील असे नाही.

१९३९ पासून न्यूयॉर्कमध्ये तयार झालेल्या, प्रौढांसाठीच्या चाचणीने भागाकार सोडला. समवयस्कांची सरासरी १००, प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरतात याचे माप) १५. दुसऱ्या एका नामांकित चाचणीने १९६० मध्ये हीच पद्धत घेतली, पण विचलन १६ ठेवले. त्यामुळे सरासरीखाली दोन विचलने म्हणजे एकीकडे ७० आणि दुसरीकडे ६८. खरे तर तेव्हाच 'इंटेलिजन्स कोशंट' (आयक्यू) हा इंग्रजी शब्दही बदलायला हवा होता, कारण 'कोशंट' म्हणजे भागाकार. (मराठी 'बुद्ध्यांक' त्या मानाने निर्दोष, त्यात भागाकार दिसत नाही.)

आपल्याकडे १९३० च्या दशकात धारवाड भागातल्या कन्नड-मराठी मुलांवर बसवलेली, पॅरिसच्या मूळ चाचणीवर बेतलेली बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे, आणि ती भागाकाराचीच. त्यामुळे तिचा ७४ आणि विचलनाच्या चाचणीचा ७४ शेजारी ठेवून 'मूल घसरले' किंवा 'सुधारले' म्हणणे चूक. अहवालात चाचणीचे नाव आणि आवृत्ती नसेल तर नुसता आकडा निरुपयोगी. त्यात मानके (तुलनेसाठी धरलेली सरासरी) जुनी झाली की गुण फुगतात. अमेरिकेत हा फुगवटा दशकाला सुमारे ३ गुण मोजला गेला आहे.

२०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत बौद्धिक अक्षमतेची टक्केवारी सामाजिक परिपक्वतेच्या (रोजच्या व्यवहारातल्या स्वावलंबनाच्या) चाचणीवरून ठरत असे : ५५ ते ६९ गुणांना ५० टक्के, ३६ ते ५४ ला ७५ टक्के. आणि त्या चाचणीतले गुण काढतात कसे? सामाजिक वय भागिले खरे वय, गुणिले १००.